एका सहीची दोन यंत्रं

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत की काकू नक्की काय काम करते. मी "कॉम्प्युटरचं" एवढंच म्हटलं आणि तुमच्याकडे बर्फ पडला का ते विचारलं. उत्तर खोटं नव्हतं, पण अपुरं होतं, आणि अपुऱ्या उत्तराला मी नोकरीभर अर्धेच गुण देत आले. म्हणून आता नीट लिहिते. तुमच्या बाबांनी वाचून दाखवलं तरी चालेल. त्यांनाही यातलं सगळं ठाऊक नाही.

ते काम मला कळत नाही म्हणून मी विषय बदलला नाही. ते मला चांगलं कळतं. त्या कामापायी गेल्या वर्षी मी एक गोष्ट केली आणि ती मत्सराने केली, म्हणून बदलला.

काकू, म्हणजे माझी धाकटी सून, लग्न होऊन घनसावंगीला आली ती दोन बॅगा आणि एक मोठं खोकं घेऊन. खोक्यात भांडी असतील असं मला वाटलं होतं. निघाले दोन मॉनिटर. वरच्या खोलीत तिने टेबल लावलं, एक इंटरनेट वायरचं घेतलं, दुसरं सिमकार्डाचं, आणि इन्व्हर्टरला आणखी एक बॅटरी जोडून घेतली. तिची कंपनी बंगळूरूची, पण तिथेही फारसं कुणी बसत नाही. जो तो आपल्या घरून काम करतो. ती ज्या यंत्रांची देखभाल करते ती जर्मनीत आणि फिनलंडमध्ये भाड्याच्या जागेत उभी आहेत. तिने ती कधी डोळ्यांनी पाहिलेली नाहीत.

ब्लॉकचेन म्हणजे हजारो यंत्रांनी मिळून ठेवलेली एकच नोंदवही. ती कुणा एकाच्या कपाटात नसते. प्रत्येकाकडे सारखी प्रत असते. दर काही सेकंदांनी वहीत एक नवं पान लागतं. ते पान बरोबर आहे असं म्हणून सही करणाऱ्या यंत्रांना व्हॅलिडेटर म्हणतात. प्रत्येक व्हॅलिडेटरची स्वतःची एक गुप्त सही असते आणि त्याला अनामत ठेवावी लागते. यंत्र बंद पडलं आणि सही चुकली, तर अनामत अगदी थोडी कापली जाते. पण एकाच पानाच्या दोन निरनिराळ्या प्रतींवर त्याची सही सापडली, तर त्याला खोटा साक्षीदार ठरवतात, मोठी रक्कम कापतात आणि कायमचं बाहेर काढतात. चूक झाली, मुद्दाम केलं नव्हतं, असं सांगायला तिथे मुख्याध्यापक नसतात.

काकूचं काम म्हणजे या यंत्रांना जागं ठेवणं. सकाळी चहा पिताना ती आलेख बघते: किती सह्या झाल्या, किती चुकल्या, कुठल्या यंत्राची जागा भरत आली. नवी आवृत्ती आली की ती एकदम सगळीकडे चढवत नाही. आधी एका यंत्रावर, मग दिवसभर थांबून दुसऱ्यावर. यंत्रांवर लक्ष ठेवायची पाळी तिची असेल त्या आठवड्यात फोन आंघोळीच्या वेळीही मोरीच्या दाराशी असतो. काही बिघडलं की तो रिक्षाच्या हॉर्नसारखा ओरडतो, आणि ती ओल्या केसांनी जिना चढते.

पहिला मत्सर मला तिचाच वाटला. मी इंग्रजी घेऊन पदवी मिळवली, तीही आमच्या गल्लीतल्या एकाही मुलीने जिल्ह्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं तेव्हा. पुढे सगळा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. वर्ग गप्प करायला मला टेबलावर डस्टर आपटावं लागे. आणि ही जिन्यावरून मला ऐकू येई: वाक्यात एकही 'द' नाही, भूतकाळाच्या जागी वर्तमानकाळ, आणि तीन देशांतली माणसं तिचं बोलणं संपेपर्यंत गप्प बसलेली. मी कपड्यांच्या घड्या घेऊन जिन्यात उभी राहायची. घड्या कधीच झालेल्या असायच्या.

तिने हे ओळखलं असावं. एक दिवस छापलेला कागद घेऊन खाली आली आणि म्हणाली, "आई, हे जरा तपासता का? माझं इंग्रजी वाचून लोक हसत नाहीत, पण थकतात."

तो कागद म्हणजे तिच्या धंद्यातली रीत होती. प्रत्येक कामासाठी पायरीपायरीने लिहिलेली सूचना असते, म्हणजे करणारा झोपेत असला, घाबरलेला असला, तरी हाताने बरोबर तेच व्हावं. मी पेन्सिल घेतली. तेव्हापासून तिच्या सगळ्या सूचना माझ्या हाताखालून जाऊ लागल्या. मला त्यातला शब्द न् शब्द समजावा म्हणून ती समजावून सांगे, आणि मी तिला तुलना सुचवत असे. दोनदा सही करण्याचा गुन्हा मी तिला बोर्डाच्या परीक्षेवरून मांडून दिला: पर्यवेक्षक आला नाही तर त्या दिवसाचं मानधन जातं, पण एकाच बैठक क्रमांकाच्या दोन उत्तरपत्रिकांवर त्याची सही निघाली तर त्याला पुन्हा केंद्रात पाऊल ठेवू देत नाहीत. ती म्हणाली, बिलकुल बरोबर आहे, आई. तो आठवडा माझा फार छान गेला.

मग ती चार दिवस माहेरी, वाटूरला, जाऊन आली.

तिची आई म्हणजे माझी विहीण. सातवी शिकलेली, शेती करणारी, आवाजाने दणदणीत बाई. तिच्या घरची विहीर भावकीत सामायिक आहे आणि मोटार लावायचे वार ठरलेले आहेत. लेकीने कामाबद्दल काही सांगितलं असेल, त्यावर विहीणबाई चूल पेटवता पेटवता म्हणाली होती, "मंग ते विहिरीच्या पाळीसारखंच की. पाळी चुकली तर तेवढं पाणी गेलं, दुसरं काही न्हाई. पण एका पाळीत दोन मोटारी लावल्या, तर भाऊबंद मोटारच वर काढून ठेवत्यात."

काकूने हे कंपनीतल्या लोकांना सांगितलं. मी जिन्यातून ऐकलं. पलीकडचे लोक हसले, आणि मग त्यांच्यातला एकजण म्हणाला की इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. माझा पर्यवेक्षक कुणाला आठवला नाही. खरं सांगायचं तर विहिरीची तुलना माझ्यापेक्षा चांगली आहे. त्या दिवशी मला ती चांगली वाटली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डाळीत दोनदा मीठ घातलं, आणि जेवताना तुमचा काका, म्हणजे माझा धाकटा, पाणी पीत राहिला.

पुढे काकूने कंपनीच्या कामाबरोबर स्वतःचा एक व्हॅलिडेटर सुरू केला. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी आणि ती, तिघींनी मिळून. त्यासाठी दोन सारखी यंत्रं घेतली, मसाल्याच्या डब्याएवढी. एक आमच्या घरी, वरच्या खोलीत, तेच सही करणार. दुसरं राखीव, वाटूरला, कारण वाटूरची वीज दुसऱ्या ठिकाणाहून येते. दोन्हींत तीच गुप्त सही. नियम एकच: दोन्ही एका वेळी कधीही चालू नाहीत. आमचं बंद पडलं, तर आधी त्याची वायर भिंतीतून उपटायची, उपटलेल्या वायरचा फोटो काढायचा, आणि फोटो पाहिल्यावरच वाटूरचं सुरू करायचं. शंका असेल तर दोन्ही बंद ठेवायची, कारण गैरहजेरीची शिक्षा छोटी आहे.

ही सूचना इंग्रजीत मी स्वच्छ करून दिली होती. चौथी ओळ, एक चालू असताना दुसरं चालू करू नये ही, तर पूर्ण माझी आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी केलं ते अजाणतेपणी केलं असं तुम्हाला वाटायला नको.

काकूला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तिला मी कशी अडवणार? सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि विहीणबाई जीप करून लेकीला न्यायला आली. जाताना काकूने वरच्या खोलीची किल्ली मला दिली. म्हणाली, "आई, यंत्र तुमच्या हवाली. मी तिथून फोनवर बघत राहीन, पण हात तुमचा."

सून गेली, नातवंड तिकडे होणार, पण यंत्र माझ्याकडे राहिलं. मी त्याची एक वही केली: वीज गेली किती वाजता, आली किती वाजता, दिवा हिरवा की लाल. दिवसातून तीनदा वर जाऊन बघायची. विहीणबाईचा फोन आला की मुद्दाम विचारायची, तुमच्याकडचं कसं आहे? ती म्हणायची, "झोपलंय. आमचं मराठी यंत्र हाय, त्याला काम कोण देतंय? सगळं तुमच्या इंग्रजी यंत्राला." दोन्ही यंत्रं एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेली होती. पण मला ते ऐकायला आवडायचं.

नववा महिना भरत आला आणि आमच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर जळाला. इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंत टिकला, मग यंत्र बंद पडलं. वायरमन म्हणाला, नवीन यायला दोन दिवस लागतील. काकूचा फोन आला. मी वायर उपटली, फोटो पाठवला, वहीत वेळ लिहिली. पंधरा मिनिटांनी तिचा निरोप आला की वाटूरचं सुरू झालं आहे. मी उत्तरात अंगठा पाठवला. तो पाठवताना मला कसं वाटलं ते वहीत लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी, सोमवारी, दुपारी बाराच्या सुमाराला वीज आली. मी लगेच काकूला फोन केला. आता यंत्र परत इकडे आणायचं, तर तिने आधी वाटूरचं थांबवायला हवं होतं. फोन विहीणबाईने उचलला.

"विहीणबाई, ती आत्ताच पडली हाय. रातभर पाय दुखत व्हते. मी न्हाई उठवत तिला."

मी म्हटलं, वीज आली एवढंच सांगायचं होतं.

"सांगते की उठल्यावर. आणि तुमचं ते राहू द्या तसंच. इथं बराबर चालू हाय, सकाळधरनं हिरवा दिवा बघून राह्यले मी. तुमी आता आराम करा."

यात वाईट काही नाही. आज लिहून काढताना प्रत्येक शब्द तपासला. एकही वावगा नाही. लेकीची झोप आईने राखायचीच. पण 'मी न्हाई उठवत' हे माझ्या कानात असं बसलं, जणू मी परकी बाई दारात उभी आहे आणि मला आत घेत नाहीत. ती लेकीचे पाय दाबते, उद्या माझं नातवंड आधी तिच्या हातात येणार, आणि आता हिरवा दिवाही तीच बघते. मला काय, आराम.

मी वर गेले. यंत्र टेबलावर, वायर मी नीट गुंडाळून ठेवलेली. मी स्वतःला सांगितलं, इतकी वीज वरखाली झाली, यंत्र जळालं तर नाही ना, एवढंच बघू. दिवा लागला की लगेच काढू. मी वायर भिंतीत लावली आणि बटण दाबलं.

पंखा घुमला. दिवा आधी लाल झाला, मग नारिंगी, मग हिरवा. मी काढली नाही. काकूच्या खुर्चीत बसले. खोलीत तिच्या तेलाचा वास होता. घरात कुणी नव्हतं, आणि यंत्र चालू होतं, माझ्याकडे. त्या काही मिनिटांत मी अगदी सुखात होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मग भिंतीवर चिकटवलेली सूचना दिसली, माझ्याच इंग्रजीतली चौथी ओळ. मी वायर ओढली. घड्याळात पाहिलं: सात मिनिटं.

वहीत काहीच लिहिलं नाही. त्या वहीतली ती एकमेव कोरी जागा.

संध्याकाळी काकूचा फोन आला. आवाज नेहमीसारखा. म्हणाली, वाटूरचं काही दिवस तसंच चालू द्या, उगाच इकडून तिकडे हलवण्यातच धोका असतो. मी बरं म्हटलं. तिच्या आवाजात काही आहे का ते शोधत राहिले. मैत्रिणींसह तिघींनी घातलेली अनामत कापली गेली असती, तर ती अशी बोलली नसती. पण तिला दिसलं का, हे कळेना. यंत्र सगळं लिहून ठेवतं हे मला माहीत होतं. ते माझ्या वहीसारखं नाही. त्याला लाज नसते.

मी वाट पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी जालन्याच्या दवाखान्यात तुमची बहीण झाली. मी गेले, पाहिलं. विहीणबाईने तिला मांडीवर धरलं होतं आणि मला म्हणाली, हात धुऊन घ्या. मी घरूनच धुऊन गेले होते. पुन्हा धुतले.

बाराव्या दिवशी वाटूरला बारसं होतं. घनसावंगीहून दोन जीप बदलून मी आणि तुमचा काका पोहोचलो. पाळणा, घुगऱ्या, गाणी सगळं यथासांग झालं. आत्याने कानात नाव सांगितलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. जेवणं झाल्यावर सगळ्या बायका ओसरीवर लवंडल्या. मी आतल्या खोलीत गेले. काकू बाजेवर बसली होती, बाळ शेजारी. कोपऱ्यात, ज्वारीच्या कोठीवर पाट टाकून, त्यावर यंत्र ठेवलेलं. दिवा हिरवा. वरून आरपार दिसणारं जाळीचं झाकण, दुधावर ठेवतात ते.

मी म्हटलं, छान ठेवलंय. आणि विचारलं, तू परत येशील तेव्हा इकडचं बंद करून आपलं सुरू करायचं ना?

काकूने बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "आई, त्या सोमवारी दुपारी आपल्या घरचं यंत्र सात मिनिटं चालू होतं."

तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. माझ्या डोक्यात एकापाठोपाठ एक तीन उत्तरं आली: वायरमन वर आला होता, केरवाली वर गेली होती, वायर चुकून लागली. वर्गात मुलं माझ्यापुढे अशी उत्तरं शोधताना मी हजारदा पाहिली आहेत. तेव्हा त्यांचा चेहरा कसा दिसतो ते मला ठाऊक आहे.

"मी लावलं," मी म्हटलं.

"कागद समोर होता."

"होता. लिहिलाही मीच आहे."

"मंग?" ती माहेरी गेली की तिची भाषाही माहेरची होते.

"इथे चालू आहे, तुझ्या आईकडे, हे मला बघवलं नाही."

बाळाने झोपेत तोंड वाकडं केलं, तिकडे आम्ही दोघी पाहत राहिलो.

"मला वाटलं होतं तुम्ही विसरलात," ती म्हणाली. "विसरला असतात तर बरं झालं असतं, आई. विसरण्यावर इलाज असतो."

मग तिने मला सांगितलं की आपण कसे वाचलो. यंत्र उठल्याबरोबर सही करत नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं नुसतं ऐकतं: आपल्याच नावाने दुसरीकडे कुणी सही करतंय का. करत असेल तर आपण होऊन बंद पडतं. तशी सोय तिने मुद्दाम लावली होती. माझी सात मिनिटं त्या ऐकण्यातच गेली. "पण त्याच्यावर मी कधी भरवसा ठेवत नाही," ती म्हणाली. "ते ऐकणं कधी कधी चुकतं. म्हणून तर वायर काढायची, म्हणून तर फोटो. म्हणून तर माणूस."

मी म्हटलं, पुन्हा होणार नाही.

ती म्हणाली, "माहीत आहे. तरी यंत्र इथंच राहील. तिथलं मी पुसून टाकणार. राखीव आता मैत्रिणीकडे ठेवीन." आवाज चढला नाही. बोर्डाचा निकाल वाचून दाखवतात तसा होता. "आणि मायला मी हे सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

तिच्या धंद्यात आणखी एक रीत आहे. काही चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, की त्याची टिपणी लिहितात आणि सगळ्यांना वाचायला देतात. तीत कुणी केलं ते लिहायचं नसतं. काय झालं, का झालं आणि पुढे काय करायचं एवढंच. ती म्हणाली, मैत्रिणींना द्यायला ही टिपणी तुम्ही लिहा, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. मी तिथेच, बाजेच्या कडेला बसून लिहिली. 'काय झालं' सहज लिहून झालं. 'का' पाशी पेन्सिल थांबली. मग मी 'मत्सर' साठी असलेला साधा इंग्रजी शब्द लिहिला आणि वही तिच्यापुढे धरली. तिने वाचलं. तिला हसू आलं, पण ते तिने आवरलं. म्हणाली, असं कुणी लिहीत नाही, आई. 'पायरी पाळली गेली नाही' असं लिहितात. मी म्हटलं, ते काय झालं यात आलं. का झालं ते हे आहे. तिने तो शब्द तसाच राहू दिला.

'पुढे काय' मध्ये तिने सांगितलं ते मी लिहिलं: यंत्र एका जागी, एका माणसाच्या हाती, आणि त्या माणसाला वाचता येईल अशा भाषेत सूचना.

तेवढ्यात विहीणबाई चहा घेऊन आत आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. लेकीने सांगितलं, माय, आता हे कायमचं तुझ्याकडे. विहीणबाईने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंग विहीणबाई, तुमी मला मराठीत लिहून द्या ते. इंग्रजी कागद हितं लावलाय नुसता शोभेला. लेकीनं तोंडपाठ करून घेतलंय माझ्याकडनं, पण वय झालं, कवा काय इसरंल."

म्हणजे माझं काम मी माझ्याच अक्षरात तिच्या हाती द्यायचं. मनात आलं की सांगावं, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता. मी कोरा कागद मागितला आणि मोठ्या अक्षरात लिहायला बसले. विहीणबाई शेजारी मांडी घालून, प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत होती, आणि एकदाही अडली नाही, हेही मला खुपलं. चौथी ओळ मी लिहिली: दुसरीकडचं यंत्र बंद करून वायर काढल्याचा फोटो पाहिल्याशिवाय हे चालू करू नये, हे चालू असताना दुसरं कुठलंही चालू करू नये.

"त्याच्या म्होरं लिवा," ती म्हणाली, "कुणी बी सांगितलं तरी न्हाई. मंजी मला कागद दाखवता येईल. लोकं लई हुशार असत्यात, विहीणबाई. बघू, नुसता दिवा बघू, म्हणत्यात."

काकूने मान खाली घातली. मी लिहिलं: कोणीही सांगितलं तरी नाही.

"जावई म्हणले तरी न्हाई," विहीणबाई आता रंगात आली होती. "आन् लेकीच्या सासूबाई म्हणल्या तरी न्हाई. लिवा, लिवा. हसून राह्यले मी, पण लिवा."

मी लिहिलं. स्वच्छ, गोल अक्षरात, जसं फळ्यावर लिहीत असे तसं: सासूबाईंनी सांगितलं तरी नाही.

तिने कागद घेतला, मागे डिंक लावला आणि यंत्राच्या वर भिंतीवर थापला. डावी बाजू बोटभर खाली आली. मी सरळ करायला हात पुढे केला. मग तो मागे घेतला आणि चहाचा कप उचलला. चहा चांगला झाला होता, माझ्यापेक्षा चांगला.